चार-इन-वन ट्यूब, अ‍ॅसिडिटीची गोळी आणि माझा पाच महिन्यांचा नायटा

आधीच सांगतो, जेवता जेवता वाचू नका. आणि मी डॉक्टर नाही, नागपूरच्या इतवारीत एका होलसेलरकडे बिलिंगला बसतो. औषधांबद्दल खाली जे लिहिलंय ते मला दवाखान्यात सांगितलेलं, मी मोबाईलमध्ये टिपून घेतलेलं आहे. तुमच्या अंगाला तेच लागू होईल असं नाही, पण मी जिथे जिथे माती खाल्ली तिथे तुम्ही खाऊ नये एवढ्यासाठी लिहून राहिलो.

तर २०२४ चा मे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू. त्याच आठवड्यात नागपुरात ५६ डिग्री अशी बातमी देशभर फिरली होती, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच खराब होता. असेल खराब, पण मानेवाड्यावरून इतवारीपर्यंत भर दुपारी जीन्स घालून गाडीवर गेलेल्या माणसाला ते खोटं वाटत नव्हतं. घामाने कंबर ओली ती संध्याकाळपर्यंत ओलीच. करदोडा जिथे बसतो तिथे एक लाल चट्टा आला, रुपयाएवढा, कडा उचललेली, मधे जरा साफ. मी म्हटलं घामोळं. पावडर मारली, सोडून दिलं.

३ जूनला रात्री खाजवून खाजवून रक्त आलं तेव्हा दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये गेलो. (नागपूरकरांसाठी खुलासा, मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान, मेडिकल चौकातलं ते सरकारी हॉस्पिटल नाही.) दोन बायका बाजूला उभ्या, त्यात दुकानदार मोठ्याने विचारतो, "कुठं खाज येऊन राहिली भाऊ?" मी हळूच कंबर दाखवली. त्याने न बघताच ट्यूब काढली, "हे न्या, चार-इन-वन आहे, तीन दिवसांत साफ." ९५ रुपये.

आणि खरंच सांगतो, तीन दिवसांत साफ. खाज बंद, लाली गेली, झोप लागली. मी ऑफिसात दोघांना त्या ट्यूबचं नावसुद्धा सांगितलं, त्याची आता लाज वाटते. कारण दहा दिवसांनी चट्टा परत आला तो एकटा नाही आला, जांघेत दोन भावंडं घेऊन आला. परत ट्यूब, परत आराम, परत डबल. जुलैच्या मध्यापर्यंत तीन ट्यूबा झाल्या. मधे ऑफिसातल्या एकाने त्याच्या घरी उरलेल्या, बुरशीवरच्या टर्बिनाफिनच्या सात गोळ्या दिल्या, त्याही खाल्ल्या मी, कोणाला न विचारता. हिंदीत याला दाद म्हणतात ना, तर माझ्या दादेने त्या गोळीला काही दाद दिली नाही.

पाऊस सुरू झाला तसा घरात प्रकार वाढला. तिघांचे कपडे हॉलमध्ये एकाच दोरीवर पंख्याखाली, धड न वाळलेले, आणि बाथरूममागे एकच टॉवेल फिरायचा. बायकोच्या पोटावर एक गोल उठला. आईने तर तीन आठवडे लपवलं, तिच्या मानेपासून पाठीपर्यंत पसरलं तेव्हा कळलं. मी तोच शहाणपणा आईसाठी केला, मेडिकलमधून फ्लुकोनॅझोल १५० च्या, त्याही बुरशीच्याच, चार गोळ्या आणल्या, आठवड्याला एक घ्यायची म्हणे. नशीब माझं की आई म्हणाली आषाढी आहे, आता नको, मग घेईन, आणि मग विसरली.

शेवटी बायको म्हणाली, अहो हे असं मेडिकलवाल्याच्या भरोशावर किती दिवस? बरोबर होतं. खाजगीत जायला हरकत नव्हती, पण तिघांची फी, वर टेस्टा, म्हणून सरकारी दवाखाना धरला. कोणता ते सोडा.

२२ जुलै, सोमवार. पावणेसातला घरून निघालो. केसपेपरची रांग आठला उघडते, आणि तिथे आभाचा, म्हणजे सरकारी हेल्थ आयडीचा, क्यूआर मोबाईलवरून स्कॅन केला की टोकन नंबर येतो, नाव-पत्ता परत सांगावा लागत नाही, वीस मिनिटं वाचतात. माझ्यापुढच्या काकांकडे साधा फोन, त्यांना मोठ्या रांगेत पाठवलं. केसपेपर २० रुपये. स्किनच्या ओपीडीत दिवसाप्रमाणे युनिट बदलतं, ज्या युनिटला पहिल्यांदा दाखवलं त्यांच्याच वारी पुढे यावं लागतं, माझे वार सोमवार-गुरुवार पडले, ते केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, बघून घ्या. टोकन ११७. नंबर लागला ११:४० ला.

निवासी डॉक्टर होत्या, तरुण मुलगी. तिने पडद्यामागे चट्टे बघितले आणि पहिला प्रश्न, "काय काय लावलंय?" मी ट्यूबचा खोका सोबत नेला होता, हे एक काम माझ्याकडून बरं झालं. तिने बारीक अक्षरातल्या एका नावाखाली पेनाने रेघ मारली. क्लोबेटासोल. म्हणाली, हे स्टिरॉइड आहे, आणि साधंसुधं नाही, सगळ्यात कडक गटातलं. यानं खाज आणि लाली दबते कारण तुमच्या कातडीची लढण्याची ताकदच दबते, मग खाली बुरशीला मोकळं रान. वर जे बुरशीचं औषध टाकलंय त्याचा उपयोग होत नाही. मी घरी येऊन खोका परत वाचला. क्लोट्रिमॅझोल हे बुरशी मारणारं, क्लोबेटासोल हे स्टिरॉइड. कानाला सख्खी भावंडं वाटतात, कामं एकदम उलटी. पुढे असंही कळलं की सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिक्स औषधांवर बंदी घातली होती, त्यात अशा क्रीमांची मिश्रणंही होती, आणि कडक स्टिरॉइडची ट्यूब तर चिठ्ठीशिवाय विकायचीच नाही असा नियम आहे. माझ्याकडे तर चिठ्ठी कोणी मागितली नाही, मीही दाखवायला नेली नाही, दोघंही खूश होतो.

जांघेत पांढरट-लाल रेघा उमटल्या होत्या, बाळंतपणानंतर पोटावर असतात तशा. त्या जाणार नाहीत म्हणाली. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

मग कातडी खरवडून बुरशी आहे का ते तपासायचं होतं, त्याला केओएच टेस्ट म्हणतात. पण सकाळी मी आंघोळ करून ट्यूब चोपडून, वर पावडर मारून गेलो होतो. आज घेतलं तर असूनही नाही असं दिसू शकतं, म्हणाली, गुरुवारी या, अंगाला काही न लावता. रक्त तेवढं दिलं, लिव्हरच्या टेस्टसाठी. म्हणजे एक चक्कर अर्धी वाया.

२५ जुलै. काचपट्टीच्या वर कमरेच्या कडेची कातडी ब्लेडच्या उलट्या बाजूने खरवडली, दुखत नाही, उलट बरं वाटतं हो, दोन महिन्यांत कोणी अधिकृतपणे खाजवलं. कोंड्यासारखा भुगा पडला, त्यावर औषधाचा थेंब, झाकण-काच, आणि वीस मिनिटं बसा. नंतर त्या मुलीने मला मायक्रोस्कोपमध्ये बघू दिलं. मी आधी नुसता डोळाच मिचकावत होतो, मग दिसलं. जुना रवा डब्यात राहिला की त्यात कसे जाळे धरतात, तसे फिकट हिरवट धागे, मधे मधे गाठी, एकमेकांत शिरलेले. मला ते बघून जी शिसारी आली ती आरशात चट्टे बघून कधी आली नव्हती.

ती म्हणाली, हल्ली ही बुरशी फार हट्टी झालीय. आपल्याकडच्या एका जातीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नावच दिलंय, टर्बिनाफिनला ती बऱ्याचदा जुमानत नाही. माझ्यात तीच होती का ते साध्या खरवडण्यात कळत नाही, पण तिने दुसरं औषध लिहिलं. इट्राकोनॅझोल १०० ची कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ जेवण झाल्याबरोबर. लावायला लुलिकोनॅझोल, रात्री खाजेसाठी लिव्होसेट्रिझिन, तीही "गाडी चालवायची असेल तर घ्यायची नाही, झोप येते" असं सांगून. देण्याआधी प्रश्न विचारले. बीपी? नाही. शुगर? नाही. हार्टचा त्रास, पायाला सूज, दम? नाही. कावीळ झाली होती का, दारू? नाही, क्वचित. दुसरी कुठली गोळी चालू आहे का?

मी म्हटलं, नाही.

हा "नाही" लक्षात ठेवा.

मग इशारे. भूक मेली, उलट्या, लघवी गडद, डोळे पिवळे, पायाला सूज किंवा दम लागला तर कॅप्सूल बंद करून लगेच यायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. भिंतीवर पोस्टर होतं, औषधाचा वाईट परिणाम झाला तर कळवायचा टोल फ्री नंबर, १८००-१८०-३०२४, त्याचा फोटो काढून ठेवला.

खाली औषधाच्या खिडकीवर पाऊण तास. लिव्होसेट्रिझिन मिळाली, कॅप्सूल नाही, "बाहेरून घ्या" असा शिक्का. जनऔषधीतून साधारण ११ रुपयाला एक अशा ४२ घेतल्या. एक मी उत्सुकतेने उघडून बघितली, आत खसखशीहून जरा मोठे पांढरे मणी. तुम्ही उघडू नका, ती अख्खीच गिळायची असते आणि माझे ११ रुपये गेले.

ट्यूब बंद केली आणि पुढचे पाच-सहा दिवस नरक. स्टिरॉइड सुटलं की उसळी मारते हे सांगितलं होतं तरी रात्री दोनला उठून कूलरसमोर उभा राहायचो. सांगायचा मुद्दा हा की त्या दिवसांत ती ट्यूब घरात नको. मी चौथ्या रात्री कपाट उघडलं होतं. बायकोने आधीच फेकली होती.

क्रीम लावायची पण रीत असते, मी आधी चट्ट्याच्या मधोमध थापायचो. अंग कोरडं करून, कडेच्या दोन बोटं बाहेरून सुरुवात करून आत यायचं, मग हात धुवायचे. टॉवेल तिघांचे तीन, वेगळे. आतले कपडे गरम पाण्यात, ऊन नसेल तर इस्त्री, शिवणीवर जास्त. जीन्स बंद, सुती ढगळ पॅन्ट. आणि करदोडा काढा म्हणाले, त्या दोऱ्यात घाम आणि भुगा अडकून बसतो. घरी येऊन कात्री घेतली तर आई, "काहून रे, करदोडा काहून तोडून राहिला? माणसानं असं मोकळ्या कमरेनं राहू नाही." अर्धा तास वाद. शेवटी तिनेच गाठ सोडली, तोडू दिला नाही, गरम पाण्यात खळखळ उकळवला आणि देवघराच्या खिळ्याला टांगला. तिथे तो दिवाळीपर्यंत होता.

तीन आठवडे झाले. कॅप्सूल एकही चुकली नाही. फरक? शून्य. थोडी खाज कमी, कडा तशाच. १५ ऑगस्टला गुरुवार म्हणून पोचलो तर ओपीडी बंद, झेंडावंदन चालू. इतका मोठा दिवस आणि माझ्या डोक्यात फक्त गुरुवार होता.

१९ ला सोमवारी परत गेलो. राखीचा दिवस, शिवाय कोलकात्यातल्या महिला डॉक्टरच्या खुनाच्या प्रकरणावरून निवासी डॉक्टरांचा संप चालू होता, त्यामुळे गर्दी अर्धीच आणि मोठ्या मॅडम स्वतः तपासायला. बायको, आई दोघींनाही नेलं होतं. मॅडमनी माझा कागद वाचला, चट्टे बघितले, आणि विचारलं, "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय टाकता ते सांगा. चहासकट."

मी सुरू केलं. उठल्यावर अ‍ॅसिडिटीची गोळी, मग चहा, मग...

"थांबा."

पँटोप्राझोल. २०१९ पासून रोज उपाशीपोटी. सावजी मटण सुटत नाही आणि गोळीही सुटत नाही, आमच्या ऑफिसात सात जण आहोत त्यात पाच जण घेतात, तिला कोणी औषध मानतच नाही, चुन्याच्या डबीसारखी खिशात असते. म्हणून मी तिला मोजलंच नव्हतं. आणि ही कॅप्सूल पोटातल्या आम्लात विरघळते. आम्लच बंद केलं तर ते खसखशीचे मणी तसेच पुढे जातात, रक्तात फार कमी उतरतं. साडेचारशे रुपये आणि तीन आठवडे मी ते गटारात टाकत होतो. मॅडम रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या की लोक बीपीची सांगतात, अ‍ॅसिडिटीची सांगत नाहीत, चूर्ण सांगत नाहीत, जिमची पावडर सांगत नाहीत.

माझी गोळी सवयीची होती, तिची गरज नाही असं ठरवून त्यांनी बंद केली. पहिले दोन आठवडे जळजळ वाढेल म्हणाल्या, वाढली. तेव्हा पांढरं पातळ औषध चालेल पण कॅप्सूलपासून दोन तास लांब. ज्यांना अ‍ॅसिडिटीची गोळी बंद करणं शक्य नाही त्यांच्यासाठी दुसरा प्रकार असतो, किंवा काहींना कॅप्सूल कोलाबरोबर घ्यायला सांगतात, म्हणजे ते डॉक्टरांनाच विचारा, माझ्या भरवशावर सुरू करू नका. आणि जेवण म्हणजे जेवण. मी कधी कधी संध्याकाळची कॅप्सूल चहा-टोस्टवर घेत होतो, तेही कबूल करून टाकलं.

मग आईचा नंबर. तिने स्टीलचा डबाच उघडला, सगळ्या स्ट्रिपा. ग्लिमेपिराइड, अ‍ॅम्लोडिपिन, अटॉर्व्हास्टॅटिन. आणि त्यात खाली मी आणलेल्या फ्लुकोनॅझोलच्या चार. मॅडमनी त्या चार उचलून बाजूला ठेवल्या. म्हणाल्या, ही शुगरच्या गोळीचा जोर वाढवते, साखर एकदम खाली येऊ शकते, एकटं घरात असताना चक्कर येऊन पडल्या असत्या. आणि माझी कॅप्सूल आईला का नाही, तर ती कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत स्नायूंना इजा करू शकते आणि बीपीच्या गोळीसोबत पायाला सूज आणू शकते. आईला फक्त क्रीम, सहा आठवडे. बायकोला विचारलं की दिवस गेलेत का, राहण्याची शक्यता आहे का, कारण असं असेल तर ही कॅप्सूल देत नाहीत. तिलाही क्रीमवरच ठेवलं, तिचं कमी होतं. एकाच घरातला एकच नायटा आणि तिघांचे तीन कागद.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "बरं झालं बाप्पा, एकादशी होती." मी गप्प.

१९ ऑगस्टपासून खरं औषध सुरू झालं असं मी धरतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबरला, महाल भागात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला गेलो होतो, सगळे ओरडतात ना रोगराई घेऊन जाय गे मारबत, तर बायको माझ्या कानाशी "नायटा घेऊन जाय गे मारबत". त्याच आठवड्यात कडा बसायला लागल्या, हाताला उंचवटा लागेना. ९ सप्टेंबरला मॅडमनी बघून मान हलवली. महालक्ष्म्यांच्या जेवणाला तर मी सगळ्यात शिस्तीचा पेशंट होतो, पुरणपोळी, कढी, सोळा भाज्या आणि वर कॅप्सूल.

इथे एक फसगत असते. खाज गेली, उंचवटा गेला, की वाटतं झालं. मी दोन दिवस कॅप्सूल खरंच सोडली होती. उरलेला तपकिरी डाग म्हणजे रोग नाही, तो महिनोन्‌महिने राहतो, आणि उलट साफ दिसणाऱ्या कातडीत बुरशी असू शकते, दोन्ही बाजूंनी डोळा फसवतो. म्हणून कधी थांबायचं ते तपासूनच.

३० सप्टेंबरला लिव्हरची टेस्ट परत. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरवर ताण आला की वाढतो तो आकडा, आधी ३१ होतं ते ५४. रिपोर्ट मी एकटाच बाकावर बसून वाचला आणि हात गार पडले. मॅडम म्हणाल्या थोडं वाढलंय, थांबवण्याएवढं नाही, दारू पूर्ण बंद, दोन आठवड्यांनी परत. ते दोन आठवडे मी रोज सकाळी आरशात खालची पापणी ओढून डोळे बघायचो, बाथरूमच्या पिवळ्या बल्बखाली तर सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसतात, मग गॅलरीत जाऊन बघायचो.

१४ ऑक्टोबर. एसजीपीटी ४१. केओएच निगेटिव्ह. या वेळी मायक्रोस्कोपमध्ये नुसत्या कातडीच्या पापडी दिसल्या, फुटलेल्या फरशीसारख्या. कॅप्सूल बंद, क्रीम अजून दोन आठवडे.

खर्च विचाराल तर वाया गेलेल्या धरून कॅप्सूल साधारण सतराशे, तिघांची क्रीम अठराशे, टेस्टा सहाशे, आणि पहिल्या तीन ट्यूबा २८५, सगळं मिळून साडेचार हजाराच्या आत-बाहेर. चकरा सात, त्यातली एक झेंडावंदनाची. अ‍ॅसिडिटीची गोळी परत सुरू झालेली नाही, सावजी महिन्यातून एकदा.

परवा उमरेडहून मामेभावाचा फोन, "दादा, तू ते कोणती ट्यूब लावत होता नं, तीन दिवसांत साफ होणारी? नाव पाठव नं." त्याला सांगितलं नाव नाही पाठवत, सोमवारी ये, सात वाजता केसपेपरच्या रांगेत भेट. घरातल्या सगळ्या गोळ्या डब्यासकट आण, अ‍ॅसिडिटीची पण. आणि अंगाला काही लावून येऊ नको, खरवडावं लागते.